शिफारसपत्र एकाचं मागितलंय, काम दोघांचं आहे

वाचनालयवाली, मिरज

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

मी मिरजेत एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. इथल्या एका ट्रस्टने यंदापासून तरुणांसाठी पुरस्कार ठेवलाय. सर्वधर्म सलोखा आणि समाजसेवा, दोन्ही मिळून एक. तरुणांनी स्वतः अर्ज करायचा नाही, दुसऱ्या कोणीतरी शिफारस करायची. आमच्या अभ्यासिकेतल्या दोघांची शिफारस मी करावी असं ओळखीच्या डॉक्टरांपासून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी हौसेनं फॉर्म आणला. तेव्हापासून तो टेबलावर पेपरवेटखाली पडून आहे.

दोघांबद्दल थोडं सांगते. तो सतारमेकर गल्लीतला. घरात पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्यांचं काम, भोपळ्यांच्या राशीतून वाट काढत आत जावं लागतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्याचे आजोबा एवढंच म्हणाले, "आता भाव पण द्या म्हणावं." ती किल्ला भागातली. आई अथणीकडची, त्यामुळे कानडी घरचीच. दोघं तलाठी भरतीच्या अभ्यासाला म्हणून आमच्याकडे येऊ लागले. भरतीचं काय झालं ते विचारू नका. पण त्या अभ्यासिकेत बसून त्यांनी रक्तदात्यांची एक वही उभी केली.

मिरजेबाहेरच्यांना कल्पना नसेल, आमचं गाव म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉन्लेसांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून बेळगाव, विजापूर, बागलकोटकडचे पेशंट इकडे येतात. नातेवाईक हातात चिठ्ठी घेऊन दवाखान्याच्या दारात उभे असतात. 'ओ निगेटिव्ह, २ पिशव्या.' गाव माहीत नाही, मराठी येत नाही. ती त्यांच्याशी कानडीत बोलते, तो मोटारसायकल काढतो. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटसाठी रात्री दोनलासुद्धा.

वही म्हणजे लाल कापडी पाठीचं जाडजूड रजिस्टर. रकाने पट्टीने आखलेत. नाव, गट, मोबाईल, गल्ली, मागचं रक्तदान कधी, रात्री फोन केला तर चालेल का. आणि शेवटी एक अरुंद रकाना, त्याच्यावर लिहिलंय 'पोट'. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, "मॅडम, उपाशीपोटी रक्त घेत नाहीत ना." त्या रकान्यात पेन्सिलनं नोंदी: रोजा. सोमवार. नवरात्र. संकष्टी. पर्युषण. एका मिशन कंपाउंडमधल्या काकांपुढे 'ईस्टरच्या आधीचे शुक्रवार'. म्हणजे कोणाला कधी फोन करायचा नाही आणि कोणाला सूर्यास्तानंतर करायचा, ते सगळं त्या बोटभर रकान्यात. २०२३ ला गुढीपाडवा २२ मार्चला आला आणि रमजान २४ ला लागला. तेव्हा एकदा ए पॉझिटिव्ह पाहिजे होतं. एकाचा रोजा, एकाचं रामाचं नवरात्र, जैन बाईंची आयंबीलची ओळी. शेवटी कसलाच उपास न करणारा एक पक्का नास्तिक सापडला, तर त्याचं वजन भरलं ४३ किलो! ती पिशवी मग रोजा सुटल्यावर मिळाली.

आता अडचणी.

एक, पुरस्कार एकाच व्यक्तीला किंवा नोंदणीकृत संस्थेला. ही दोघं काही संस्था नाहीत, जे आहे ते त्या वहीत आहे. कोणाचं नाव घालू?

दोन, फॉर्मवर प्रश्न आहे: 'अन्य धर्मीयांसाठी केलेले कार्य (धर्मनिहाय लाभार्थी संख्या)'. वहीत पेशंटचा धर्म लिहायला रकानाच नाही. विचारतात फक्त गट, पिशव्या आणि वॉर्ड.

तीन, सोबत 'पारंपरिक वेशातील छायाचित्र' हवंय. तो म्हणाला, टोपी मी शुक्रवारी घालतो, फॉर्मसाठी नाही. ती म्हणाली, मी काय नऊवारी नेसून ब्लड बँकेत जाते का?

चार, हे मला सगळ्यात जास्त टोचलंय. ट्रस्टचे एक पदाधिकारी फोनवर म्हणाले, "बाई, २००९ च्या दंगलीची पार्श्वभूमी टाका, वजन येतं." त्या गणेशोत्सवात आमच्याकडे काय झालं, विसर्जन कसं रखडलं, हे इथल्या कोणालाही वेगळं सांगायला नको. पण ही दोघं तेव्हा पहिली-दुसरीत होती हो. त्यांच्या वहीला त्या दंगलीचं वजन कशाला?

कोणी असली शिफारस लिहिली आहे का? कशी लिहिलीत? का फॉर्म परत करून मोकळी होऊ?

कृष्णाकाठ, सांगली

वहिनी, फॉर्म परत करायची घाई नको, पण दुसरं एक दार आहे ते सांगतो. राज्य शासनाचा जिल्हा युवा पुरस्कार असतो, क्रीडा व युवक सेवा खात्याचा. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात. त्यात प्रत्येक जिल्ह्यात एक युवक, एक युवती आणि एक संस्था असे तीन पुरस्कार आहेत. म्हणजे तुमची दोघंही आपापल्या नावावर उभी राहू शकतात, एकमेकांच्या आड येत नाहीत.

वय १३ ते ३५. व्यक्तीला गौरवपत्र, सन्मानचिन्ह आणि १० हजार रोख, संस्थेला ५० हजार. जिल्ह्यात सलग ५ वर्षं वास्तव्य पाहिजे. सरकारी-निमसरकारी नोकरीत असलेल्याला चालत नाही. त्यामुळे तलाठी झाले नाहीत ते या एका बाबतीत बरंच झालं म्हणा! धर्मनिहाय वगैरे काही विचारत नाहीत, समाजकार्य किती आणि कसं ते बघतात.

गोम एकच. पुरावे लागतात. वर्तमानपत्राची कात्रणं, फोटो, प्रशस्तिपत्रं यांची फाईल. आमच्या मंडळातल्या एका पोरासाठी मी फाईल केली होती, ती फाईल लग्नाच्या अल्बमपेक्षा जाड झाली. तुमच्याकडे कात्रणं किती आहेत?

वाचनालयवाली, मिरज

कात्रणं शून्य. एकदा एक वार्ताहर आले होते. वही हातात धरून दोघांनी हसत उभं राहा म्हणाले. तेवढ्यात फोन आला आणि दोघंही निघून गेले. वार्ताहरांनी मग आमच्या वाचनालयाच्या नव्या कपाटांवर बातमी केली, त्यात माझा फोटो आहे. तो चालेल का?

युवक आणि युवती वेगळे असतात हे मात्र ठाऊक नव्हतं. आभारी आहे.

स्पष्टवक्ता, पुणे

मूळ मुद्द्यालाच हात घालतो. हे पुरस्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि दीड तासाची भाषणं. पोरं चांगलं काम करतायत तर करू द्यात ना. पुरस्कार मिळाला की पहिल्यांदा सत्कार, मग फ्लेक्स, मग नगरसेवकाचा फोन, मग त्या वहीचं ट्रस्टमध्ये रूपांतर आणि मग अध्यक्षपदावरून भांडण. डझनांनी बघितलंय.

आणि रक्ताला धर्म नसतो. तुम्ही त्याला सलोख्याचं लेबल लावताय हेच चुकतंय. पेपरवेट आहे तिथेच ठेवा.

वाचनालयवाली, मिरज

रक्ताला धर्म नसतो हे मान्य. पण रक्त देणाऱ्याच्या पोटाला असतो की, म्हणून तर तो रकाना!

फ्लेक्सची भीती मलाही आहे. पण एक व्यवहारातली गोष्ट सांगते. दोघांचा महिन्याचा पेट्रोलचा आणि मोबाईलचा खर्च घरचे सोसतात. त्याच्या घरी सतारीची मागणी येईल तेव्हा येते, तिचे वडील एसटीतून निवृत्त. रोख रक्कम फार नाही, पण मोटारसायकलचे टायर तरी येतील.

निवृत्त रासेयो, सध्या ठाणे

प्राध्यापक होतो, नोकरीतली बरीच वर्षं भिवंडीत गेली. राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणून असली शिफारसपत्रं पोत्यानं लिहिली आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी त्या चौथ्या अडचणीबद्दल. दंगल घालू नका. मी भिवंडीत १९८४ नंतर रुजू झालो. १९७० ची आणि ८४ ची, अशा दोन मोठ्या दंगलींनंतरचं ते गाव. कोणी 'कुठे असता' विचारलं आणि 'भिवंडी' म्हटलं की समोरचा चेहरा पाडायचा. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या. त्या कमिट्यांत बसून काय चालायचं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सलोख्यावर भाषण नाही. नळाला पाणी कधी येतं, गटार कोणी तुंबवलं, रात्रपाळीच्या यंत्रमागवाल्यांच्या रेडिओचा आवाज, कोणाच्या पोरानं कोणाच्या पोरीला चिठ्ठी दिली. एका बैठकीत सायकल कोणाच्या दारात लावायची यावर रात्रीचे दहा वाजले. हवालदार जांभया देत होता. मला वाटलं, हे कसलं शांततेचं काम. पण १९९२ च्या डिसेंबरात आणि ९३ च्या जानेवारीत मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. कारण अफवा आली की ती कोणाला विचारून खरी-खोटी करायची हे गल्लीगल्लीत माहीत होतं. सायकलवाल्या भांडणातले दोघं एकमेकांना नावानं ओळखत होते.

आणि याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर गोष्ट फार गोड होते. बैठका ढिल्या पडल्या की ओळखी पण शिळ्या होतात. २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसाचार झाला आणि दोन पोलीस शिपाई जिवानिशी गेले. तेव्हा 'आदर्श गाव' म्हणून मिळालेल्या जुन्या कौतुकाचा काडीचा उपयोग झाला नाही.

म्हणून शिफारसपत्रात 'जातिधर्माच्या भिंती ओलांडून' असली वाक्यं नकोत. निवड समितीतल्या माणसानं त्या दिवशी तशी चाळीस पत्रं वाचलेली असतात. तो पोटाचा रकाना लिहा. कोणाला कधी फोन करायचा नाही हे त्यांनी कसं शोधलं ते लिहा. विचारलं असणार ना एकेकाला, घरी जाऊन? एका मुलानं दुसऱ्याच्या घरी जाऊन 'काका, तुमचा उपास कधी असतो' असं विचारणं आणि ते पेन्सिलनं टिपून ठेवणं, याच्यापेक्षा जास्त मला तरी त्या पुरस्काराच्या नावात काही दिसत नाही. ती पाडव्याची हकिगत पण जशीच्या तशी घाला. नास्तिकासकट.

आता एक नाव की दोन. अहमदाबादेत १ जुलै १९४६ ला रथयात्रेच्या दिवशी दंगल उसळली. वसंतराव हेगिष्टे आणि रजबअली लाखाणी, दोघं काँग्रेस सेवादलाचे, जमालपूर भागात जमावाला आवरायला गेले आणि दोघंही त्याच दिवशी मारले गेले. वसंतराव चाळिशीचे, अहमदाबादेत वाढलेले मराठी माणूस. रजबअली जन्मानं कराचीचे, विशी-तिशीतले. पुढच्याच वर्षी झवेरचंद मेघाणींनी त्यांचा स्मृतिग्रंथ संपादित केला, तोही दोघांचा मिळून. २०१५ मध्ये तिथल्या पोलिसांनी गायकवाड हवेलीत त्यांचं बंधुत्व स्मारक उभं केलं. मी ते बघायला मुद्दाम गेलो होतो. रिक्षावाल्याला नुसतं 'वसंतराव' म्हटलं तर कळेना. 'वसंत-रजब' म्हटल्यावर लगेच मीटर पाडला. एकट्या वसंतरावांना पुरस्कार देऊन बघा अहमदाबादेत, लोक विचारतील दुसरा कुठे आहे.

तेव्हा पत्र एकच लिहा, नावं दोन घाला आणि खाली स्पष्ट लिहा की द्यायचा तर दोघांना मिळून द्यावा. नियमात बसत नसेल तर ते ठरवतील. नियम त्यांनीच केलाय, यंदाच केलाय, शाई पण वाळली नसेल. सरकारी नियम वाकत नाही, ट्रस्टचा वाकतो.

धर्मनिहाय लाभार्थ्यांच्या रकान्यात आडवी रेघ मारू नका. रेघ मारली की अर्ज अपूर्ण म्हणून बाजूला पडतो, हा अनुभव आहे. तिथे एक ओळ लिहा: 'रुग्णाचा धर्म विचारला जात नाही, त्यामुळे अशी नोंद नाही, दात्यांच्या उपवासांची नोंद सोबत.' बस.

फोटोचं काय करावं ते मला सुचत नाही. माझ्या वेळी पासपोर्ट साइज पुरायचा.

शिरोळची सून

फोटोवरून लिहिल्याशिवाय राहवेना. माझं सासर कुरुंदवाडजवळ. तिथे मशिदींमध्ये गणपती बसतो हे आता टीव्हीमुळे सगळ्यांना माहीत झालंय. तिकडे वाळवा तालुक्यात गोटखिंडीलाही मशिदीत गणपती असतो. दर वर्षी गणपतीत कॅमेरेवाले येतात आणि दर वर्षी दोन म्हातारे धरून आणतात, एकाच्या डोक्यावर टोपी, एकाच्या कपाळाला टिळा, 'काका, हातात हात घ्या.' आमचे एक चुलतसासरे वैतागून म्हणाले होते, "अरे आमचं कालच बांधावरून भांडण झालंय, आज हात कसला धरू?" पण आरतीला दोघंही हजर. भांडण पण चालू, आरती पण चालू.

त्यामुळे तुमच्या पोरांनी वेश करायला नाही म्हटलं ते बरंच केलं. वहीवर पेन धरलेल्या हातांचा फोटो द्या. किंवा दवाखान्याच्या दारातला, मोटारसायकलसकट, पाठमोरा.

२०१९ च्या पुरात आमचं अख्खं घर पाण्यात होतं. नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या देवळावर पाणी, घरावर पाणी, सगळं सारखंच. बकरी ईद त्या वर्षी १२ ऑगस्टला, पाणी नुकतंच उतरू लागलेलं. आमच्या कॅम्पात कोणीतरी भाकरीचे गठ्ठे आणून टाकायचं. कुठनं आले ते कळलं नाही, विचारायचं भान पण नव्हतं. धर्मनिहाय लाभार्थी म्हणून माझं नाव कोणी कुठे लिहिलं असेल तर मला आवडणार नाही. एवढंच.

लेस्टरवासी

इंग्लंडमधून. इथे दर नोव्हेंबरात 'इंटरफेथ वीक' म्हणजे सर्वधर्म सलोख्याचा आठवडा असतो, २००९ पासून. तो सुरू करणारं इंटर फेथ नेटवर्क १९८७ मध्ये स्थापन झालं आणि २०२४ मध्ये सरकारी निधी थांबल्यावर बंद पडलं. आमचं लेस्टर म्हणजे तर सलोख्याचं नमुना शहर म्हणून मिरवायचं. तरुणांना बक्षिसं, महापौरांसोबत समोसे, सगळं रीतसर. मग २०२२ च्या सप्टेंबरात हिंदू-मुसलमान पोरं रस्त्यावर समोरासमोर आली. माझ्या डोळ्यांदेखत एक सन्माननीय ज्येष्ठ पुढे झाले, गळ्यात बिल्ला वगैरे, आणि पोरांनी त्यांना विचारलं, "अंकल, हू आर यू?" निवृत्त सरांनी लिहिलेली सायकलवाली बैठक वाचताना हेच आठवलं. आमच्याकडे समोसे होते, सायकली नव्हत्या.

वाचनालयवाल्या ताई, एक कुतूहल. दोघांपैकी एकाला नोकरी लागून ते पुण्याला गेले तर वही कोण चालवणार? पुरस्कार देणारे इथे हमखास हा प्रश्न विचारतात.

रक्तपेढी तंत्रज्ञ

मी याच पट्ट्यातल्या एका रक्तपेढीत काम करते, कुठली ते सांगत नाही. वहीबद्दल वाचून बरं वाटलं, पण दोन-तीन गोष्टी नीट करा, कारण तुम्ही हे कागदावर चढवणार आहात.

पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये ९० दिवस, बाईला १२०. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. 'मागचं रक्तदान कधी' हा रकाना आहे म्हणजे मुलांना हे माहीत आहेच, पण शिफारसपत्रात ते लिहा. त्यावरून कळतं की नुसता उत्साह नाही, शिस्त आहे. रोजा सुटल्याबरोबर खजूर-पाण्यावर लगेच रक्त देऊ नये, नीट जेवून, भरपूर पाणी पिऊन थोड्या वेळानं यावं. आमच्याकडे रमजानमध्ये तरावीहच्या म्हणजे रात्रीच्या नमाजानंतर येणारे दाते असतात, त्यांच्यासाठी आम्ही रात्रपाळीला एक माणूस जास्त ठेवतो.

प्लेटलेट फक्त ५ दिवस टिकतात, लाल पेशी ३५ ते ४२ दिवस. म्हणून डेंग्यूत शिबिरांपेक्षा असल्या वहीचाच जास्त उपयोग होतो. शिबिर १५ ऑगस्टला होतं आणि डेंग्यू काही तारीख बघून येत नाही.

पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर १९९८ पासून बंदी आहे, हे नातेवाइकांना माहीत नसतं. ते मुलांच्या हातात नोटा कोंबायला बघतात. मुलं काय करतात?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: वहीचं पान फॉर्मला जोडायचं तर नावं आणि मोबाईल नंबर झाका. 'ओ निगेटिव्ह, अमुक गल्ली, रात्री फोन चालेल' अशी यादी चुकीच्या हाती गेली तर त्या माणसाचं जगणं मुश्कील. उपवासांवरून धर्मही कळतो, म्हणजे ती यादी आणखीच नाजूक. झेरॉक्स तुमच्या समोर काढा, तिथे सोडू नका.

कात्रणं नसली तरी रक्तपेढीचं पत्र मागा. आम्ही देतो. कोणत्या महिन्यात यांच्याकडून किती दाते आले ते आमच्या रजिस्टरवरून निघतं. कात्रणापेक्षा ते भारी पडेल.

वाचनालयवाली, मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला उत्तर देते.

तंत्रज्ञ ताई, नोटांबद्दल मी तिला विचारलं. म्हणाली, "कानडीत 'बेडा', म्हणजे नको, म्हणते आणि चहा पाजायला सांगते. चहाचं कर्ज फिटत नाही, मग ते गावाकडून बिस्कीटपुडे घेऊन येतात." आमच्या कपाटात पारलेचे डबे कुठून येतात ते आत्ता कळलं. वहीचं पान मी स्वतः झाकून झेरॉक्स काढली. नावांवर कागदाची पट्टी, फक्त गट, तारीख आणि 'पोट' उघडं. ते पान बघत बसावंसं वाटतं. 'संकष्टी, पण कॉफी चालते.' 'रोजा, फक्त २७ वा.' 'उपास नाही, पण बायकोला सांगू नये.' आणि एका नोंदीत 'पोट' खाली 'कायम भरलेलं'.

लेस्टरवासी, बरोबर बोट ठेवलंत. मी दोघांना तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, अभ्यासिकेतल्या अकरावीच्या दोघी रात्रीचे फोन सोडून बाकी बघायला लागल्यात, त्यांना अठरा पूर्ण झाल्याशिवाय रक्त देता येत नाही म्हणून जळफळतात. मला हे माहीतच नव्हतं, माझ्याच वाचनालयात.

निवृत्त सर, तुमच्या म्हणण्याप्रमाणे एक पत्र, दोन नावं. धर्मनिहाय रकान्यात तुमचीच ओळ उतरवली. दंगल नाही घातली. ट्रस्टच्या त्या गृहस्थांना फोन करून सांगितलं तेव्हा ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "दोन नावं कशी चालतील, ट्रॉफी एकच सांगितलीय." मी म्हटलं, वही पण एकच आहे. बघू म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच.

शिरोळच्या वहिनी, फोटो तुमच्या सांगण्यावरून पाठमोराच काढला. दवाखान्याचं गेट, मोटारसायकल, मागे ती रजिस्टर पोटाशी धरून बसलेली. त्याच्या आजोबांनी तो बघितला आणि म्हणाले, "हेल्मेट कुठाय?" म्हणून दुसऱ्यांदा काढावा लागला.

स्पष्टवक्ते, तुम्ही म्हणता तसं अध्यक्षपदावरून भांडण लागलंच तर धागा काढून कळवीन.

जिल्हा युवा पुरस्काराची फाईल वेगळी करायला घेतली आहे, रक्तपेढीकडे पत्राचा अर्ज काल दिला. कृष्णाकाठ, एवढं सांगा: वास्तव्याच्या पुराव्याला रेशनकार्ड चालतं का तहसीलचा दाखलाच लागतो? तिचं नाव अजून आजोळच्या कार्डावर आहे, कर्नाटकातल्या. आणि फाईल स्पायरल करायची का साधी लेसची?

कृष्णाकाठ, सांगली

रेशनकार्डावर विसंबू नका, तहसीलचा रहिवासी दाखला काढून ठेवा. सेतूत सकाळी लवकर जा, अकरानंतर रांग हलत नाही. स्पायरल नको, ऐन वेळी पान घालता येत नाही. लेसची करा. आणि बी पॉझिटिव्ह आहे, सांगलीत राहतो, रात्री फोन चालेल. पोट: गुरुवार.